तिसरा चोर

आमच्याकडे हिवाळ्यात शेतीची लाईन रात्री यायची. अजूनही येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी तिची पाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभरा ओलायचा तर झोप सोडायची, घोंगडं घ्यायचं, मोटर सुरू करायची आणि धुऱ्यावर उभं राहायचं. एक वाफा भरला की दांड फोडून पाणी दुसऱ्यात वळवायचं. आमचं शेत मानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर, दिग्रसच्या बाजूला. भाऊ लहान होता, म्हणून कंदील धरायला बाबांसोबत मी जायचे. मुलगी रात्रीची शेतात जाते यावर गल्लीत बोललं जायचं. बाबा म्हणत, "कंदील काई पोरगा-पोरगी पाह्यत नाई."

बाबांचं घड्याळ लग्नकार्यापुरतं होतं. शेतातली वेळ ते आकाशातून काढायचे. उत्तरेकडे सप्तर्षी वर यायला लागले की म्हणायचे, "थे पाह्य, म्हातारीचं खाटलं. चार खूर. अन् मांगून तीन चोर. म्हातारी जागीच हाय, म्हनून चोराईले खाटलं नेता येत नाई." मार्गशीर्षात आधी खाटलं वर यायचं, मग एकेक चोर. तिसरा चोर बाभळीच्या वर आला म्हणजे एक वाजला. तो आला की बाबा बिडी पेटवायचे आणि मला आंब्याखाली निजायला पाठवायचे.

संक्रांतीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की तिसरा चोर अकरालाच हजर होतो. महिन्यात दोन तास, म्हणजे दिवसाला चार मिनिटं. हा हिशेब मी धुऱ्यावर बसून केला आणि बाबांना सांगितला. ते म्हणाले, "मले मिंटं नाई समजत. पन महिन्यानं दोन घंटे लवकर येते, हे बराबर हाय." मी तेव्हा दहावीत होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, हे पुस्तकात नंतर वाचलं. वाचताना नवीन काही कळल्यासारखं वाटलं नाही. ओळखीच्या माणसाचं पूर्ण नाव कळावं, तसं वाटलं.

पुढे बीएस्सीला असताना वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात सर्पिल दीर्घिकेचा फोटो पाहिला. मधे उजळ गाभा आणि त्यातून निघून वळत गेलेले दोन हात. खाली लिहिलं होतं की यात अब्जावधी तारे आहेत आणि ते केंद्राभोवती फिरतात. आतल्या ताऱ्यांची फेरी लवकर पुरी होते, बाहेरच्यांना वेळ लागतो. तिथे मी अडकले. कारण असंच काहीतरी मी आमच्या विहिरीजवळच्या टाक्यात पाहिलं होतं. मोटरचं पाणी टाक्यात जोरात पडलं की भोवरा व्हायचा आणि त्यावर फेसाची वळणदार रेघ उमटायची, हुबेहूब त्या फोटोसारखी. पण दोन-चार फेऱ्यांत ती रेघ गुंडाळत, बारीक होत नाहीशी व्हायची, कारण आतला फेस पुढे पळायचा आणि बाहेरचा मागे राहायचा. मग दीर्घिकेचे हात गुंडाळून का जात नाहीत? आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती साधारण २२ ते २५ कोटी वर्षांत एक फेरी मारतो. म्हणजे आतापर्यंत वीसेक फेऱ्या झाल्या असतील. एवढ्यात तर सगळं एकजीव व्हायला हवं होतं.

त्या काळी जयंत नारळीकरांबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जायची. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते म्हणत, तुमचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. १९८८ साली पुण्यात आयुका उभी करणारा एवढा मोठा शास्त्रज्ञ पोस्टकार्डांना उत्तरं लिहितो, हे खरं वाटत नसे. पण ते खरं होतं.

मी पोस्टकार्ड आणलं. माझा प्रश्न त्यावर लिहिला. टाक्यातल्या फेसाचंही लिहिलं. पत्ता लिहिला. आणि टाकलं नाही.

कोणी अडवलं नव्हतं. बाबा तर म्हणाले होते, "टाक ना, कायले ठेवलं?" पण लिहिलेलं पुन्हा वाचलं तेव्हा मला माझी भाषा वऱ्हाडी वाटली, अक्षर वाईट वाटलं आणि प्रश्न येडपट वाटला. विहिरीच्या टाक्यातला फेस आणि दीर्घिका! वाचून हसतील. पोस्टकार्ड मी वहीत ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

एमएस्सीला अमरावतीला गेल्यावर एका संदर्भग्रंथात तोच प्रश्न छापलेला दिसला. हात गुंडाळले जाण्याची ही अडचण खगोलशास्त्रात चांगलीच प्रसिद्ध आहे. तिला नाव आहे आणि तिच्यावर मोठमोठ्या माणसांनी आयुष्याची वर्षं घालवली आहेत. १९६४ मध्ये सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी त्यावर एक उत्तर सुचवलं. हात म्हणजे ठरावीक ताऱ्यांची माळ नव्हे. ती गर्दीची लाट आहे, आणि तारे त्या गर्दीत शिरतात आणि बाहेर पडतात. मी वर्गात हे दिग्रस रस्त्याचं उदाहरण देऊन सांगते. कापसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर हळू चाललेला असतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. एकेक गाडी ट्रॅक्टरला ओलांडून निघून जाते, मागून नवीन येऊन मिळते. रांगेतल्या गाड्या बदलतात, रांग तशीच राहते. दीर्घिकेच्या हातात वायू असा दाटला की नवे तारे जन्मतात. त्यातले सर्वांत तेजस्वी, निळे तारे लवकर संपतात, हातातून बाहेर पडायच्या आतच. म्हणून हात उजळ दिसतात. हे उत्तर सगळ्या दीर्घिकांना लागू पडत नाही. काहींचे हात बनतात, मोडतात, पुन्हा बनतात. वाद अजून चालू आहे.

तो ग्रंथ मिटवून मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसले होते. उत्तर कळल्याचा आनंद नव्हता. माझा प्रश्न येडपट नव्हता, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग बीएड केलं, कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायला लागले, लग्न झालं, मुलं झाली. तक्रार नाही. नोकरी मी मन लावून केली.

दीर्घिका कशा बनतात, कशा वाढतात, याच्या बातम्या मात्र वाचत राहिले. यातलं बरंच काम आपल्या पुण्यात होतं, हे आमच्याकडच्या पोरांना सांगितलं तरी खरं वाटत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, शेता-शिवारांत पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली असते. दहा वर्षांपूर्वी मी पंचवीस मुलं एसटीने तिथे नेली होती. एका मुलाने विचारलं, "मॅडम, ही जाळी कशाची?" मी म्हटलं, "तारांची. हिला आरसा गुळगुळीत असून चालतो असं नाही, लांब लाटेला जाळीही आरसाच असते."

त्याच दुर्बिणीने केलेलं एक काम २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलं. आदित्य चौधरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. प्रश्न साधा होता. विश्वात तारे जन्मण्याचा वेग आठ-दहा अब्ज वर्षांपूर्वी सर्वाधिक होता. तिथून तो घटत घटत आज दहाव्या हिश्श्यावर आला आहे. का? तारे हायड्रोजन वायूपासून बनतात, म्हणून त्या काळच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन किती होता हे मोजायला हवं होतं. पण एवढ्या दुरून एकेका दीर्घिकेच्या हायड्रोजनचा संदेश इतका क्षीण येतो की तो वेगळा ऐकूच येत नाही. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक ठेवून सरासरी काढली. वर्गातली एकच मुलगी पुटपुटली तर मला ऐकू येत नाही, सगळ्या वर्गाने एकच शब्द पुटपुटला तर येतो, तसं. त्यांना दिसलं ते असं, की त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण तारे घडवण्याचा त्यांचा वेग एवढा होता की तो एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. बाहेरून नवा वायू त्या प्रमाणात येत राहिला नाही आणि वेग मंदावला.

आमच्या भागात हे कोणालाही समजवावं लागत नाही. उपसा जास्त आणि झरा कमी, म्हणजे विहीर फेब्रुवारीत तळाला जाते. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तिथंही बोअरच मारावं लागते का?"

मग डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात अलकनंदाची बातमी आली. पुण्याच्याच एनसीआरएमधल्या संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि प्राध्यापक योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे १२ अब्ज वर्षं लागली आहेत. म्हणजे ती आपल्याला दिसते तेव्हा विश्वाचं वय जेमतेम दीड अब्ज वर्षं होतं. आज ते १३.८ अब्ज आहे. मंदाकिनी हे आकाशगंगेचंच एक नाव. हिमालयात मंदाकिनीची बहीण अलकनंदा, म्हणून हिचं नाव अलकनंदा.

या बातमीत आश्चर्य काय, ते सांगते. दीर्घिका बनते तेव्हा आधी डार्क मॅटरचे ढीग गुरुत्वाकर्षणाने जमतात, त्यांत वायू ओढला जातो, थंड होतो, फिरत फिरत त्याची तबकडी होते आणि मग त्या तबकडीत हात उमटतात. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून लहान वयाच्या विश्वात दीर्घिका गुठळ्या-गुठळ्यांच्या, ओबडधोबड, एकमेकींवर आदळणाऱ्या असतील, अशी अपेक्षा होती. अलकनंदा मात्र नीटनेटकी आहे. सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं रुंद, मधे गाभा आणि दोन स्वच्छ, सममित हात, त्यांवर मण्यांसारखे ताऱ्यांचे पुंजके. तिच्यात सुमारे दहा अब्ज सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे आहेत आणि वर्षाला साठेक सूर्यांएवढे नवे तारे घडताहेत, आपल्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी पट वेगाने. ती अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या दिशेला, पण त्याच्याही खूप मागे आहे. मधल्या समूहाचं गुरुत्व भिंगासारखं काम करतं आणि ती दुप्पट उजळ दिसते. विश्व प्रसरण पावत असल्याने तिचा प्रकाश वाटेत पाचपट ताणला गेला आहे. निघताना अतिनील होता, पोचेपर्यंत अवरक्त झाला. तो टिपायला जेम्स वेबचा साडेसहा मीटरचा आरसा हवा. हे हात इतक्या लवकर कसे बनले, हे अजून ठरलेलं नाही. तबकडी कशी फिरते ते पुढच्या निरीक्षणांत मोजावं लागेल.

म्हणजे पुन्हा हातांचाच प्रश्न. मी बातमी तीनदा वाचली. आणि मग मला ती आठवली.

पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावरची मुलगी. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहून शिकायची. बारावीत असताना प्रकाशाचा धडा चालू होता, तेव्हा तिने हात वर केला. "मॅडम, इतके तारे आहेत, तर रात्र काळी कशी?" वर्ग हसला. परीक्षा जवळ होती, दोन धडे उरले होते. मी म्हटलं, "हे पेपरला येत नाही. खाली बस."

ती बसली. बारावीला चांगले मार्क पडले. निकालानंतर ती घरी आली आणि विचारलं, "मॅडम, फिजिक्स घेऊन बीएस्सी करू की नर्सिंग?" मी नर्सिंग सांगितलं. कारणं खरी होती. बीएस्सी, एमएस्सी, मग पुढची पाच-सहा वर्षं, एवढं कोण थांबणार? नर्सिंगला नोकरी लवकर लागते. शिकतेय म्हणून घरचे लग्नही लांबवतात. मी स्वतःला विचारून पाहिलं, माझी मुलगी असती तर? उत्तर नक्की येत नाही. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, खूश आहे, पहिल्या पगारात आजीचे डोळे दाखवायचे म्हणते. हा सल्ला चुकला असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण वर्गातलं ते "खाली बस" मात्र चुकलं, त्यात शंका नाही. कारण रात्र काळी का, या प्रश्नालाही नाव आहे. तो ओल्बर्सचा विरोधाभास म्हणून दोनशे वर्षं ओळखला जातो. त्या मुलीला तो कोणी शिकवला नव्हता, तांड्याच्या ओट्यावर झोपता झोपता तिचा तिलाच पडला होता. आणि मी शिकलेली, फिजिक्सची एमएस्सी, तिच्यासमोर उभी राहून तेच केलं जे एकेकाळी स्वतःशी केलं होतं. फरक एवढाच की तेव्हा पोस्टकार्ड माझं होतं.

डिसेंबरच्या शेवटी ती चार दिवस सुटीवर आली. मी फोन करून बोलावलं. संध्याकाळी भावाच्या शेतावर गेलो. रात्रपाळीचाच आठवडा होता, पण लाईन यायला अवकाश होता. सात-साडेसातच्या सुमाराला नैर्ऋत्येला मीनास्य हा एकटा ठळक तारा उतरत होता. त्याच्या डावीकडे, थोडं वर, मी बोट दाखवलं. तिथे शिल्पकार नावाचा तारकासमूह आहे. त्यात एकही ठळक तारा नाही.

"तिथे अलकनंदा आहे," मी म्हटलं.

ती बराच वेळ पाहत राहिली. "काहीच नाही दिसत, मॅडम. काळंच आहे."

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे," मी म्हटलं आणि दोन वर्षं उशिरा ते सांगितलं. विश्व अनादि असतं आणि सगळीकडे तारे असते तर कुठेही पाहिलं तरी नजर कुठल्यातरी ताऱ्यावर पडली असती, आणि रात्र दिवसासारखी उजळ असती. पण विश्वाला वय आहे. फार दूरचा प्रकाश अजून पोचलेलाच नाही. आणि अलकनंदेसारख्या दूरच्या दीर्घिकांचा पोचतो तो इतका क्षीण होऊन आणि ताणून पोचतो की आपल्या डोळ्याला दिसतच नाही. वेबच्या आरशाला दिसतो. तिच्या डोळ्यांनी तो काळा तुकडा भरलेला आहे.

ती गप्प होती. मला वाटलं, वाईट वाटलं असेल, किंवा राग आला असेल. तसं म्हणण्याचा तिला हक्क होता. मी म्हटलं, "तेव्हा तुला खाली बसवायला नको होतं."

"मला आठवतही नाही, मॅडम," ती म्हणाली. खोटं बोलत होती, हे दोघींना कळलं.

मग तिनेच विचारलं, "हा प्रकाश बारा अब्ज वर्षं जुना. मग ती अलकनंदा आज कशी असेल? हात असतील का?"

मला माहीत नव्हतं. कदाचित दुसऱ्या दीर्घिकेत मिसळून गेली असेल, हात मोडले असतील, वायू संपून लाल म्हाताऱ्या ताऱ्यांची झाली असेल. हे सगळे अंदाज. तिला मी तसंच सांगितलं, की मला माहीत नाही, पण ज्यांनी शोधली ते पुण्यात आहेत, त्यांना विचारता येईल.

घरी आल्यावर जुनी वही काढून तिला माझं पोस्टकार्ड दाखवलं. शाई तपकिरी झाली आहे. तिने ते पूर्ण वाचलं, फेसाचं वाचून हसली. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. पत्ता अजून त्यांच्याच नावाचा आहे. "हे आता कोणाला पाठवणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हे नाही. तुझं पाठवू."

ती म्हणाली ईमेल करते. मी म्हटलं ईमेलही कर, पण हातानेही लिही. तिने मराठीत लिहिलं, खाडाखोड न करता, पाऊण पान. रात्र काळी का तेही लिहिलं आणि आज हात असतील का तेही. शेवटी लिहिलं, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. ते खोडू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मानोऱ्याच्या पोस्टात तिनेच ते टाकलं. मी बाहेर उभी होते. उत्तर अजून आलेलं नाही. आठवड्यातून एकदा तिचा मेसेज येतो, "आलं का मॅडम?" पत्ता माझ्या घरचा दिला आहे, म्हणून मी पोस्टमनची वाट पाहते.

त्या रात्री तिला सोडून मी परत शेतावर गेले होते, भाऊ एकटा होता म्हणून. बारा वाजून गेल्यावर उत्तरेला पाहिलं. खाटलं वर आलं होतं. पहिला चोर आला होता, दुसरा आला होता. तिसरा बाभळीच्या शेंड्याशी अडकला होता. भाऊ म्हणाला, "ताई, झोप जाऊन, मी पाहतो." मी म्हटलं, "थांब, तो वर येऊ दे."